जमिनीतला फणस

"तोंड उघड," साहेब म्हणाले.

मी उघडलं.

साहेबांनी दोन बोटांत गरा धरला, एक डोळा मिटून नेम धरला आणि फेकला. पहिला नाकावर लागला. दुसरा कपाळावर. तिसरा बरोबर तोंडात. व्हरांड्यात बसलेल्या पंधरा-वीस पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी फोन समोर धरला होता. "परत एकदा हां, आता नीट आला नाही," त्या म्हणाल्या. साहेबांनी परत फेकला. मी परत उघडलं.

फणस आमचा होता. आमच्या पाड्यावरचा. सकाळी मीच झाडावर चढलो होतो, देठाला दोरी बांधून फळ अलगद खाली सोडलं होतं आणि खांद्यावर मारून साहेबांच्या फार्महाऊसवर आणलं होतं. कोयत्याला आणि हाताला खोबरेल लावून, पाहुणे चपला काढतात त्या जागी गोणपाटावर बसून मीच तो फोडला होता. एकेक गरा सोलून काचेच्या वाडग्यात भरला होता. आणि तोच गरा आता मला मिळत होता तो हवेतून.

नियम साहेबांनीच केला होता. एक थाप, एक गरा. हसू आलं तर गरा. नाही आलं तर आठळी. ती मात्र तोंडात नाही, अंगावर. चोखून झालेली.

मी सांगत राहिलो. ते फेकत राहिले. आणि एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढं मी ती लपवीन, मला माझी सवय माहीत आहे. मला मजा येत होती.

थापा मारणं हे माझं जुनं काम. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात पोरं येतात, विरारची, नायगावची, त्यांना मी डोहातल्या माशाची गोष्ट सांगतो. एवढा म्हातारा मासा की त्याच्या पाठीवर करवंदाची जाळी उगवली आहे, आणि तो वर आला की बायका टोपल्या घेऊन धावतात. पोरं हसतात, वडापाव देतात. माझ्या आत्याचं वय मी एकशे चाळीस सांगतो. आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर आहे, पण कार्ड काढायला आलेला पोरगा तिला बघून घाबरला आणि कमी लिहून पळाला, असं मी सांगतो. आत्या ऐकते आणि म्हणते, "एकशे पन्नास सांग रं. कमी कशाला?"

ही आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. मला तिनंच वाढवलं. आमचा पाडा अकरा घरांचा, सगळे वारली. कामणच्या रस्त्यावरून आत वळलं की ओढा लागतो, ओढ्याच्या अलीकडे साहेबांचं फार्महाऊस, पलीकडे आम्ही. पाड्याच्या मधोमध तो फणस. तिघांनी हात धरले तर कवेत येतो. इथं मी थाप मारत नाही, तिघंच लागतात.

या झाडावर पाडा जगला, असं म्हटलं तर शहरातली माणसं मान हलवतात आणि विसरतात. म्हणून सांगतो. कोवळी कुयरी धरली की भाजी. पिकला की गरे. आठळ्या आत्या ओल्या मातीत घोळून कोपऱ्यात रचून ठेवते, आणि भर पावसात, जेव्हा मजुरी बंद असते, त्या चुलीत भाजून मीठ लावून खायच्या. साल बैलाला. पाला बकरीला. वाळकी फांदी पडली की तिच्या लाकडाची चौकट. आमच्या सगळ्या घरांच्या चौकटी पिवळ्या आहेत, हळद लावल्यासारख्या. आणि चीक. आत्याचं पाण्याचं मडकं तिच्या लग्नातलं. ते तडकलं की ती फणसाचा चीक तापवून फटीत भरते. आता त्या मडक्यात मातीपेक्षा चीक जास्त आहे. पण गळत नाही.

झाड आत्याच्या आजोबानं लावलं. त्यानं आठळी जिथं पुरली, तिथंच झाड उभं आहे. फणस उपटून दुसरीकडे लावता येत नाही. त्याचं सोटमूळ एकदा दुखावलं की रोप बसतं ते बसतंच.

तर त्या रविवारी माझ्या तीन-चार थापा झाल्या. मासा झाला. एकशे चाळीस झाले. साहेब रंगात आले होते. जूचंद्रच्या नव्या टॉवरमधले एक पाहुणे गरा चावत म्हणाले, "काय गोड आहे हो. झाड कोणाचं?"

साहेबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "सांग रे थापाड्या. झाड कोणी लावलं? आणि तुम्ही लोक इथं कधी आलात?"

मी उभा राहिलो. गोष्ट सांगायची तर उभं राहावं लागतं. मी म्हणालो, "आम्ही? आम्ही तर परवा आलो. दोन-तीन पावसाळे झाले असतील. माझा बाप डोंगरापलीकडून वाघाच्या पाठीवर बसून आला, मागं मी, माझ्या मागं आत्या, आत्याच्या डोक्यावर कोंबड्यांची पाटी. वाघ इथं पाणी प्यायला थांबला, आम्ही उतरलो, तो तसाच निघून गेला. परत न्यायला येईल म्हणून वाट बघतोय. झाड? झाड साहेबांनी लावलं. साहेबांचा हातगुणच असा, संध्याकाळी आठळी थुंकली, सकाळी उठून बघतो तर फणस लागलेला."

काय हसले. एक जण खुर्चीवरून घसरला. गऱ्यांचा पाऊस पडला. मी चार झेलले.

आता जे लिहायला बसलो ते हे. लोकांना मी नंतर सांगितलं की मला काय माहीत, साहेबांना थाप हवी होती, मी थाप दिली. हे अर्धं खरं आहे. म्हणजे खोटंच आहे. कारण त्याच्या आठ दिवस आधी साहेबांच्या माणसांनी ओढ्यापासून आमच्या अंगणापर्यंत लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. साहेबांना मागच्या टेकडीवर रिसॉर्ट करायचं होतं आणि रस्ता आमच्या पाड्यातून न्यायचा होता. जमीन वनखात्याची. आम्ही वनहक्काचा दावा टाकलेला. आमच्याकडे एकही जुना कागद नाही. होतं काय, तर आत्याची जबानी आणि तो फणस. म्हातारी माणसं आणि म्हातारं झाड. आम्ही जुने आहोत हे त्या दोघांनी सांगायचं होतं.

मी त्या खुंट्या पाहिल्या होत्या. साहेबांनी डोळा मारला तेव्हा त्या मला आठवल्याही होत्या. तरी मी वाघावर बसलो. का? माणसं माझ्याकडे बघत होती म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. "कपाळाला काय लागलं?" तिनं विचारलं. गऱ्याचा चिकट डाग होता. मी म्हणालो, "झाडावरून उतरताना चीक उडाला." तिनं खोबरेल आणलं, माझं कपाळ पुसलं. मी पुसू दिलं.

महिन्याभरानं दाव्याच्या पाहणीला माणसं आली. भर उन्हाची वेळ. सरकारी कचेरीतल्या एक मॅडम, वयानं तिशीच्या, वऱ्हाडाकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. एक म्हातारे वनरक्षक, निवृत्तीला टेकलेले. ग्रामपंचायतीचे दोन जण. आणि साहेब. साहेबांनी दाव्यावर हरकत घेतली होती. हे लोक हल्लीच आले आहेत, असं त्यांचं म्हणणं. सोबत त्यांचा मॅनेजर, हातात फोन.

मॅडमनी आत्याला विचारलं, "आजी, तुम्ही किती वर्षांपासून राहता इथं?"

आत्या म्हणाली, "जल्मले इथं. माझा बापपन इथंच जल्मला. हा झाड माझे आज्यानं लावला."

मॅडम लिहू लागल्या. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एक मिनिट. हे बघून घ्या." आणि त्यानं फोन चालू केला, आवाज मोठा केला.

माझाच आवाज. पाड्याच्या मधोमध. "आम्ही तर परवा आलो." मग हशा. "वाघाच्या पाठीवर." हशा. "झाड साहेबांनी लावलं." मग माझं उघडं तोंड, त्यात गरा पडताना. फोन धरलेल्या त्या बाईंनी चित्र हळू केलं होतं. गरा हवेतून सावकाश येतो, मी जीभ बाहेर काढून वाट बघतो, डोळे वर. कुत्रा तरी खाली बघून खातो.

मॅनेजर म्हणाला, "हा यांच्यातलाच ना? पाड्यातलाच आहे. त्यानं स्वतः सांगितलंय."

"अहो, ही तर गंमत आहे," मॅडम म्हणाल्या. पण पेन थांबलं होतं.

"वाघ सोडून द्या," साहेब म्हणाले. "दोन-तीन पावसाळे म्हणाला, तेवढं घ्या."

अकरा घरं दारात उभी होती. माझ्या मेव्हण्यानं जमिनीकडे बघितलं. मला वाटलं, आता कोणीतरी शिवी घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

आत्यानं फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या कपाळाकडे. आणि अगदी हळू, जेवताना विचारावं तसं विचारलं, "आपलेच झाडाचा ना रं तो? गोड होता का?"



मी पुढं झालो. "मॅडम, ते खोटं आहे. मी खोटं बोललो. गऱ्यासाठी बोललो. लोक हसत होते म्हणून बोललो."

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग आता खरं बोलताय कशावरून?"

रास्त प्रश्न. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याला राग आला असता. मला राग यायचा हक्क नव्हता. मी झाडाकडे बघितलं, आणि जे तोंडात आलं ते बोललो. "या झाडाला जमिनीत फणस धरतो, मॅडम. फांदीला नाही, खोडाला नाही. जमिनीच्या आत, मुळाला. कोवळ्या झाडाला असं होत नाही. झाड म्हातारं झालं की त्याचा फणस खाली खाली येतो आणि शेवटी मातीत जातो."

आधी मॅनेजर हसला. मग पंचायतीचे दोघं. मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यातही हसू आलं, त्यांनी दाबलं. वाघ, मासा, आणि आता जमिनीतला फणस. आयुष्यभर मी खोटं खऱ्यासारखं सांगत आलो. त्या दिवशी खरं सांगितलं आणि ते माझ्या सगळ्या थापांत सगळ्यात मोठी थाप वाटलं. हे माझंच पेरलेलं.

साहेब खुशीत आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानं. "बघा, झाला सुरू. अरे, आज फणस नाही आणला रे मी तुझ्यासाठी. चल, तोंड उघड, चॉकलेट देतो." आणि खिशात हात घातला.

मी तोंड मिटलं. आता यात सांगण्यासारखं काय आहे, तोंड कोणीही मिटतं. पण माझं तोंड, माझ्या माहितीप्रमाणे, जन्मापासून कधी नीट मिटलंच नव्हतं. दातावर दात बसले ते कानात ऐकू आले. साहेबांचा हात मी खांद्यावरून उचलला आणि त्यांच्याच अंगाजवळ नेऊन सोडला.

मग मी झाडाखाली गेलो आणि गुडघे टेकले. हात टेकले. नाक जमिनीला लावलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आता काय करतोय हा?" परत हशा. हसू दे. जमिनीतला फणस डोळ्यांनी सापडत नाही. पिकला की वरची माती फुगते, बारीक भेग पडते आणि त्या भेगेतून वास येतो. लहानपणी आत्यानं मला असंच शिकवलं होतं, मान धरून, नाक मातीत खुपसून. "हुंग. कोल्ह्याच्या आधी हुंगला पायजे." मी पाला बाजूला सारत सरपटत राहिलो. भेगा खूप. उन्हाळ्यातली जमीन, सगळीकडे भेगा. एका भेगेत काही नाही. दुसरीत मुंग्या. मनात आलं, या वर्षी धरलाच नसेल तर? दरवर्षी धरतोच असं नाही. मग मी कुत्र्यासारखा सगळ्यांसमोर हुंगत बसलेला, आणि वर खोटा तो खोटाच.

आत्या उठली. काठी टेकत आली आणि माझ्यापासून चार हात लांब, झाडाच्या सावलीकडच्या बाजूला, मुळाच्या दोन फाट्यांमध्ये तिनं काठी टोचली. तिला आधीच माहीत होतं. आठ दिवसांपासून माहीत असणार. मी स्वतः गुडघ्यावर येईपर्यंत तिनं काठी उचलली नव्हती.

मी हातानं उकरलं. पहारीनं फळ फुटलं असतं. वीतभर माती गेली, मग बोटांना काटे लागले. बोथट, ओले. मॅडम वाकल्या. तिथं सगळ्यांनाच वास आला, तो काही लपत नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत घालून मी फळ सैल केलं आणि बाहेर काढलं. नुकतं जन्मलेलं वासरू असतं तसं, मातीनं माखलेलं, गरम. एवढं मोठं... नाही. होतं तेवढंच सांगतो. माझ्या डोक्याच्या दीडपट.

कोणी हसलं नाही.

म्हातारे वनरक्षक फळाजवळ उकिडवे बसले. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या आजोळी होतं असं एक झाड. जुन्यालाच धरतो जमिनीत. फार जुन्याला."

मॅडमनी लिहिलं. मोठ्यानं वाचत लिहिलं, 'पाड्याच्या मध्यभागी फणसाचे एक अतिशय जुने झाड आढळले.' साहेब म्हणाले, "अतिशय कशाला? जुने पुरे. आणि जुने झाड म्हणजे जुनी माणसं असं थोडंच?" मॅडम म्हणाल्या, "मी जे बघितलं ते लिहिलं." 'अतिशय' तसंच राहिलं.

मी म्हणालो, "माझंही लिहा."

"काय?"

"की मी खोटं बोललो. फोनमध्ये आहे ते खोटं आहे, आणि ते मी गऱ्यासाठी बोललो."

"असं कागदावर आलं तर तुमची जबानी पुढं कशातच धरणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या.

"माझी धरू नका. आत्याची धरा."

त्यांनी लिहिलं. 'सदर इसमाने कबूल केले की त्याने पूर्वी केलेले कथन असत्य होते व ते खाद्यपदार्थाच्या लालसेने केले होते.' माझ्याबद्दल सरकारी कागदावर आलेलं हे पहिलं वाक्य. मी खाली सही केली. नाव इथं सांगत नाही. तिथं आहे.

माणसं गेली. आत्यानं कोयत्याला तेल लावलं आणि तो फणस फोडला. जमिनीतला फणस आमच्याकडे घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं फोडायचा आणि पाड्याला वाटायचा, अशी रीत आहे. ती अकराही दारांत गेली. प्रत्येकाच्या हातावर गरा ठेवला. पोरांच्या, मेव्हण्याच्या, त्याच्या सुनेच्या. माझ्याजवळ आली आणि पुढं गेली. मी हात पुढं केलाही नव्हता. आठळ्या तेवढ्या माझ्यासमोर ओतल्या.

"या लाव," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन निघालो. साहेबांच्या लाल खुंट्या ओढ्यापासून अंगणापर्यंत रांगेत उभ्याच होत्या. प्रत्येक खुंटीच्या बुंध्याशी खड्डा घेतला आणि आठळी पुरली. रेघ साहेबांची. आठळी आमची. सगळ्या पुरल्या, भाजायला एकही ठेवली नाही.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. साहेबांनी अपिलाची तयारी आधीच केली आहे, असं ऐकतो. व्हिडिओ अजून फिरतो. धबधब्यावर पोरं मला ओळखतात. "ओ वाघवाले काका, एक सांगा ना." सांगतो. आता एकच गोष्ट सांगतो. एका माणसानं आपल्याच झाडाच्या गऱ्यासाठी तोंड कसं उघडलं आणि आपल्या आत्याला कसं विकलं, ती. ती सांगताना काही वाढवत नाही. फार जड जातं. कोणी वडापाव पुढं केला तर घेत नाही. रविवारी फार्महाऊसच्या फाटकासमोर उभा राहून पाहुण्यांनाही हीच सांगतो. साहेबांच्या गड्यांनी दोनदा हुसकलं. तिसऱ्यांदा मी परत उभा होतो.

फणस मी खात नाही. कोणी शिक्षा दिली नाही. आत्यानं परत कधी विचारलं नाही, पण गरा समोर आला की मला तिचं विचारणं ऐकू येतं.

रोपं आता हातभर झाली आहेत. परवा मॅनेजर मोजणीचा माणूस घेऊन आला. रांगेवरून चालत चालत थांबला.

"कोणी लावली ही?"

"मी."

"थापा मारू नकोस. आपोआप उगवली असतील. उपटून दुसरीकडे लाव."

"फणस उपटून लावता येत नाही," मी म्हणालो, आणि कळशीतलं उरलेलं पाणी त्याच्या बुटाजवळच्या रोपाला घातलं. तो बाजूला झाला. मी पुढच्या रोपाकडे गेलो.